सव्वाशेच्या वर जाऊ नको

लग्नात मला स्वस्थ बसता येत नाही. पाच मिनिटं बसलो की उठतो, पाणी पिऊन येतो, पुन्हा बसतो, पुन्हा उठतो. बायकोने तर माझ्या शेजारी बसायचंच सोडलंय. "तुम्ही आपले उभेच राहा, येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे तरी द्याल," असं म्हणून ती बायकांत जाऊन बसते. मांडवात फोटोग्राफर फिरत असतो आणि माझे कान त्याच्या मागे फिरत असतात. सनई, भटजींचा माइक, पोरांचा दंगा, या सगळ्यातून मला त्याच्या कॅमेऱ्याची खटखट तेवढी वेगळी ऐकू येते. ती नीट असली तरी माझं मन लागत नाही, आणि नीट नसली तर जेवणावरची वासनाच जाते.

एकतीस वर्षं मी सोलापुरात कॅमेरे दुरुस्त केले. नवी पेठेत एका साड्यांच्या दुकानावर, जिना चढून डाव्या हाताला माझी खोली होती. निम्मी वर्षं रोलच्या कॅमेऱ्यांत गेली, उरलेली डिजिटलमध्ये. डिजिटल आलं तेव्हा लोक म्हणाले, आता याचं दुकान बंद होणार. झालं उलटंच. रोल छत्तीस फोटोंत संपायचा, म्हणून फोटोग्राफर हात राखून बटण दाबायचा. डिजिटलमध्ये ती धास्तीच गेली. नवरदेव शिंकला तरी त्याचे सात फोटो. आणि दर फोटोला आतलं शटर एकदा उघडतं आणि एकदा मिटतं, त्यातून कुणाची सुटका नाही.

ज्यांनी कॅमेरा आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेन्सच्या मागे, कॅमेऱ्याच्या पोटात, टपालाच्या तिकिटाएवढी एक काच असते. तिला सेन्सर म्हणतात. जुन्या रोलची जागा तिने घेतली. या काचेपुढे पातळ पात्यांचे दोन पडदे असतात, तेच शटर. बटण दाबलं की पहिला पडदा सरकतो, उजेड काचेवर पडतो, आणि मागोमाग दुसरा पडदा येऊन तो बंद करतो. सेकंदाच्या शंभराव्या नाहीतर हजाराव्या भागात हे सगळं उरकतं. लाखभर वेळा ते बिनबोभाट होतं. मग पाती झिजतात, स्प्रिंगचा जोर जातो, एखादा पडदा रेंगाळायला लागतो, आणि फोटोचा तेवढा भाग काळा येतो. किती वेळा बटण दाबलं याचा आकडा कॅमेऱ्यात साठत राहतो. पण शटर काढून दुसरं बसवलं तरी तो आकडा कॅमेऱ्याचाच असतो. बसवलेलं शटर कोरं आहे की वापरलेलं, हे बसवणाऱ्याशिवाय कुणाला कळत नाही.

दुसरा छळ धुळीचा. लेन्स बदलायला कॅमेरा उघडला की ती आत शिरते, काचेवर बसते, आणि मग प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग. आमच्याकडे धूळ तरी एका जातीची आहे का? शेताकडची वेगळी, रस्त्याची वेगळी, आणि कारखान्यांच्या बाजूला हवेत सूतच तरंगत असतं. एक टॉवेल-कारखानदार होते. परदेशी गिऱ्हाइकाला माल दाखवायला त्यांनी हौसेने कॅमेरा घेतला आणि कारखान्यातच फोटो काढायला लागले. प्रत्येक टॉवेलच्या वरच्या कोपऱ्यात एक धागा सुटलेला. दोन दिवस त्यांनी कामगारांना फैलावर घेतलं, माल परत उलगडून बघायला लावला. शेवटी माग दुरुस्त करणारा त्यांचा म्हातारा जॉबर म्हणाला, "शेठ, टॉवेल बदलायलाय, पण धागा तोच हाय की." दोघं मिळून माझ्याकडे आले. मी काचेवरून नखाएवढा तंतू काढून कागदावर ठेवला. जॉबरने चष्मा पुसून तो नीट निरखला आणि म्हणाला, "ह्यो आपला न्हाय. शेजारच्या कारखान्यातला हाय." एवढं बोलून त्याचं समाधान झालं.

हळदीने मात्र मला रडवलं. खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात, हवा पिवळी होते, आणि फोटोग्राफरला नेमकी तेव्हाच लेन्स बदलायची असते. डिजिटलच्या कामात मी नवा होतो. असाच एक कॅमेरा आला, काचेवर पिवळी भुकटी. मला शिकवल्याप्रमाणे मी स्पिरिटसारखं एक औषध लावलेली पट्टी काचेवरून फिरवली. हळद ओली केली की पसरते, हे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईने मला सांगितलं असतं. पण विचारतो कोण? कडेने पिवळा ओघळ गेला तो गेलाच. त्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत डाव्या बाजूला उभा राहील तो माणूस काविळीचा दिसायला लागला. मी कॅमेरावाल्याला समोर बसवलं, चूक माझी आहे म्हणून सांगितलं आणि काच बदलून दिली. तेव्हापासून यात्रेतून आलेला कॅमेरा तोंड खाली धरून आधी नुसत्या हवेने झटकायचा, असा माझा नियम झाला. तेव्हा खरं बोलायला मला फार वेळ लागला नव्हता. नवा होतो, अजून नाव व्हायचं होतं.

नाव झाल्यावर काय होतं ते सांगण्यासाठी हे सगळं लिहायला बसलो आहे. चार दिवस झाले, दोनदा फाडून टाकलं.

दत्ता वैराग गावचा. तिशीतला, अंगाने किरकोळ, बोलायला गोड. घरच्या शेतीत भागत नव्हतं म्हणून लग्नाचे फोटो काढायला लागला आणि त्यात रमला. बार्शी, मोहोळ, माढा, जिथे बोलावतील तिथे मोटारसायकलवर जायचा. कॅमेरा एकच. तो गळ्यात अडकवला की शर्टाच्या आत घालायचा, धूळ लागू नये म्हणून. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांत कॅमेरा जपणारा तोच एक होता, असं म्हटलं तरी चालेल.

तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली आणि दत्ता जिना चढून वर आला.

"काका, अडकायलंय. दहा काढलं की एक काळा येतोय. एवढी सराई काढून द्या."

'एवढी सराई काढून द्या' हे आमच्या धंद्यातलं रोजचं वाक्य. सराईच्या आधी कॅमेरा कुणी दाखवत नाही, कारण तेव्हा तो चालत असतो. सराईत दाखवतात तेव्हा दुकानात ठेवायला तयार नसतात, कारण ठेवला की तारीख गेली. आणि आम्हीही काहीतरी खटपट करून सराई काढून देतो. याचाच आम्हाला अभिमान. पुण्या-मुंबईचे लोक पार्ट नाही म्हणून हात वर करतात, सोलापूरचा माणूस रिकाम्या हाताने पाठवत नाही, असं मी स्वतः दहा जणांना ऐकवलेलं आहे.

शटर पार गेलं होतं. नवं मागवलं तर यायला महिना. दत्ताला परवाच एका हळदीचे फोटो काढायचे होते. माझ्या खणात त्याच जातीचा एक मेलेला कॅमेरा पडला होता. पाणी जाऊन आतलं सर्किट जळलेलं, शटर मात्र चालू. ते किती वापरलेलं होतं मला माहीत होतं. शाळांच्या संमेलनांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा तो कॅमेरा, म्हणजे भरपूरच. मी ते काढलं, साफ केलं, दत्ताच्या कॅमेऱ्यात बसवलं, दोन-तीनशे वेळा बटण दाबून पाहिलं. ठणठणीत. पैसे फक्त मजुरीचे घेतले. काका नेहमीसारखे सांभाळून घेतात, असं त्याला वाटलं असणार.

"बदललं न्हवं काका?" त्याने विचारलं.

"बदललं."

"मग आता बघायला नको."

"नको," मी म्हणालो.

महिन्याने नवं शटर आलं की त्याला बोलवून घालायचं, असं मी ठरवलं होतं. हे अगदी खरं आहे, आणि त्याला काही अर्थ नाही हेही खरं आहे. नवं शटर आलं त्या दिवशी एक पत्रकार टेबलासमोर उभा राहिला, त्याला तेच हवं होतं, मी ते त्याला दिलं. दुसरं मागवलं, ते आलं आणि खणात राहिलं. दत्ता महिन्या-दोन महिन्याने येत होता. चहा घ्यायचा, लग्नातल्या गमती सांगायचा. आज सांगू, असं मनात आलं की मी उठून काहीतरी शोधायला लागायचो. जुनं शटर घातलं होतं हे सांगायचं, तर तेव्हाच का नाही सांगितलं, हे पण सांगावं लागणार. एवढ्या वर्षांचा मेकॅनिक मी. मला ते जमेना.

मे महिन्यात माझ्या पुतणीचं, प्राजक्ताचं लग्न ठरलं. भावाने विचारलं, फोटोला कोण? माझ्या तोंडून दत्ताचं नाव निघून गेलं. चांगलेच फोटो काढायचा तो.

कार्यालय सोलापुरातलंच. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी दुसऱ्या ओळीत अक्षता मुठीत घेऊन उभा. दत्ता समोर गुडघ्यावर बसून फोटो घेत होता. आणि मला ते ऐकू आलं. दोन ठोके एकमेकाला लागून पडायला पाहिजेत, त्यात हलकीशी खरखर मिसळत होती. दोन फोटो नीट, तिसऱ्याला खरखर. मी बसवलेलं शटर, आवाज मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? अक्षता मुठीतच राहिल्या. लोक अक्षता टाकत होते आणि मी माणसं सारत पुढे निघालो. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी जाऊन दत्ताचं कोपर धरलं.

"दत्ता, सव्वाशेच्या वर जाऊ नको."

सव्वाशे म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग. पडदा रेंगाळतो तो वेगात. सावकाश चालवला तर वेळ निभावून जाते.

"का वं काका?"

"उजेड कमी आहे."

उजेड भरपूर होता. वर दिव्यांच्या माळा होत्या, दोन्ही बाजूंना व्हिडिओवाल्याचे दिवे होते. दत्ताने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि आकडा खाली आणला. काका सांगतात म्हणजे असेल काहीतरी. बाकीचं लग्न त्याने सव्वाशेवर काढलं. फोटो एकूण एक चांगले आले. भावाने त्याला आहेर केला, आणि मी जेवायला न बसता घरी गेलो. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन केला. "कॅमेरा घेऊन ये, जरा बघायचाय."

"कसं जमंल काका? परवा मोहोळकडं लगीन हाय, उद्या त्यांचीच हळद. त्येवढं उरकलं की येतो."

"बरं," मी म्हणालो.

'बरं' म्हणून फोन ठेवला. पुढे फक्त एक वाक्य बोलायचं होतं. शटर जुनं आहे, कुणाचा तरी कॅमेरा मागून घे. नाहीतर निदान, तिथेही सव्वाशेच्या वर जाऊ नको. तेही मी बोललो नाही, कारण तो पुन्हा 'का' म्हणाला असता, आणि मे महिन्यातल्या उघड्या रानात उजेड कमी आहे असं मला सांगता आलं नसतं. फोन ठेवल्यावर मी दुकान दोनदा झाडलं. बायको डबा घेऊन आली तर तिच्यावर विनाकारण खेकसलो.

मोहोळच्या लग्नाच्या दिवशी दुपारी तीनला दत्ताचा फोन आला. "काका, वरनं काळं यायलंय. अर्धा फोटू काळा. आत्ता जेवणं सुरू झाली तवा सावलीत येऊन बघितलं. उन्हात कायच दिसत न्हवतं वो."

"आता सव्वाशेवर घे," मी म्हणालो.

"घेतो. पण अक्षता झाल्या की, काका."

मांडव उघड्यावर, डोक्यावर ऊन, म्हणून त्याने वेग वाढवला होता. कुणीही वाढवला असता. पडदा खालपर्यंत पोचायच्या आत थबकत होता. कॅमेऱ्याच्या आत चित्र उलटं पडतं, त्यामुळे काळा भाग वर आला होता. हार घालताना, अक्षता पडताना, मामा मुलीला धरून आणताना, सगळ्यांचे हात आणि पाय स्वच्छ, छातीच्या वर अंधार. चेहरा एकाचाही नाही.

दोन दिवसांनी दत्ता दुकानात आला. बसला नाही.

"त्यांनी बोलवलंय. पोरीचा बाप म्हंतोय, तुला येत न्हाय तर सुपारी घेतली कशाला? मोहोळात सगळ्यांना सांगायलाय. पुढच्या महिन्यातली दोन लग्नं गेली माझी. काका, तुमी संगं चला. मशीनचा दोष हाय, माझा न्हाय, एवढं तुमी बोला. तुमचं ऐकतील ते."

म्हणजे मी साक्षीदार. मी खणातलं नवं शटर कागदात गुंडाळून खिशात टाकलं, बारीक हत्यारांची पिशवी घेतली आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. वाटेत दोनदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय काका?" तो मान वळवून विचारायचा. मी म्हणायचो, "गाडी सावकाश चालव."

घर रस्त्याला लागूनच होतं. मांडव उतरवला होता, मेढीचे खांब रचून ठेवले होते. मुलीचा बाप बाजेवर बसलेला. मुलगी दोन दिवसांसाठी माहेरी आली होती, ती आणि तिची आई उंबऱ्यात बसल्या. पाणी दिलं. मग बापाने सुरुवात केली.

"मशीन बिघडलं म्हंतोस. पोटापाण्याचं मशीन तुजं. बिघडायलंय हे आदी कळत न्हाय व्हय?"

"न्हाय कळत वो मामा," दत्ता म्हणाला. "शटर सराईच्या तोंडाला बदललं हाय. ह्यांनीच बदललंय. काका, तुमी सांगा की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं बोलणं फार सोपं होतं. यंत्र आहे, कधीही जातं, नवं असलं तरी जातं. दत्ता सुटला असता, मीही सुटलो असतो, आणि संध्याकाळी आम्ही दोघं चहा पीत बसलो असतो. त्याच्यासाठी म्हणून तेवढं बोलावं, असंही क्षणभर वाटलं. पण बाप जे विचारत होता त्याचं उत्तर त्या अंगणात एकट्या मलाच माहीत होतं.

"आधी कळत होतं," मी म्हणालो. "याला नाही, मला."

मग सगळं सांगितलं. खणातलं जुनं शटर, नवं आलेलं दुसऱ्याला दिलं ते, दुसऱ्यांदा आलेलं पडून राहिलं ते. पुतणीच्या लग्नात आवाज ऐकला आणि दत्ताला सव्वाशेवर आणलं ते. दुसऱ्या दिवशी फोन केला आणि गप्प बसलो ते. बोलताना मी बापाकडे बघत होतो. दत्ताकडे बघायचं धाडस झालं नाही.

मग मुलीची आई, जी एवढा वेळ पदराशी चाळा करत होती, तिने विचारलं, "म्हंजी तुमच्या पोरीचं फोटू नीट आलं?"

"हो," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि उठून आत गेली. मुलगीही तिच्या मागे गेली. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाप दत्ताकडे वळला. "तुजी चूक न्हाय पोरा. मी बोललो लई. गावात सांगतो मी सगळ्यांना. बस, जेवून जा." दत्ता हात जोडून म्हणाला, "न्हाय मामा, पुन्हा कवातरी," आणि बाहेर पडला.

मी त्याच्या मागोमाग गेलो. तो गाडीपाशी उभा होता, कॅमेरा शर्टाच्या आत. मी खिशातून कागदाची पुडी काढली.

"दत्ता, नवं शटर आहे. कोरं. आण, इथेच बसून बदलून देतो. हत्यारं आहेत माझ्याजवळ."

त्याने पुडीकडे पाहिलं. रागावलेला दिसत नव्हता. थकलेला दिसत होता.

"त्या दिवशी नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं काका," तो म्हणाला. "वैरागात माझ्या दोस्ताचा कॅमेरा हाय. मागितला असता मी." मग त्याने रस्त्याकडे बोट केलं. "तुमी एष्टीनं जावा. हितंच थांबती."

मी हात पुढे धरूनच उभा होतो. त्याने शर्टावरून कॅमेरा एकदा चाचपला, वरचं बटण लावलं आणि गाडी सुरू केली.